खोली बारा

रात्रपाळीला वृद्धाश्रमाच्या तळघरात
मी कपड्यांना नावं चिकटवते.
इस्त्रीखाली धरायची बोटभर पट्टी,
बनियनला नाव, मोज्याला नाव.
माणूस विसरला
तरी मोजा विसरत नाही.

ग्रिम्सबीत डिसेंबरात चारच्या आत अंधारतं.
वारा थेट गोदीवरून येतो.
मासळीचे दिवस कधीच गेले,
वास तेवढा राहिलाय,
भाडं न भरणाऱ्या भाडेकरूसारखा.

तेवीस तारखेला रात्री दोन वाजता
खोली नऊची बेल वाजली.
स्टेइनुन. साठ वर्षांपूर्वी आइसलँडहून
एका ट्रॉलरवाल्याचा हात धरून आलेली.
ट्रॉलर भंगारात गेला, नवरा मातीत,
बोलण्यातला हेल मात्र तिकडचाच.
"आलाय," म्हणाली, "खाली, गाड्यांपाशी."
"कोण?"
"बोका."

मी पडदा सारला. कचऱ्याचे डबे,
मॅनेजरची गाडी, दिव्याभोवती धुकं.
"घराएवढा असतो," ती सांगत होती,
"नाताळाच्या रात्री खिडकीखिडकीतून बघतो
कुणाच्या अंगावर नवं कापड आहे.
ज्याच्या नाही, त्याला..."
आणि तिनं आवंढा गिळला.
मी हसले. आमचा बागुलबुवा बरा,
वरणभात संपवला की जायचा.
कपड्यांत त्यानं कधी नाक खुपसलं नाही.

"हसू नकोस. लोकर कातायची, विणायची,
सगळी नाताळाआधी.
ज्याचं काम मागं राहिलं, त्याला कापड नाही.
धन्याच्या बाजूचं मांजर ते."

धन्याच्या बाजूचं.
इचलकरंजीत माझा बाप चार माग सांभाळायचा.
सकाळी यायचा तेव्हा भुवयांवर कापूस,
आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो.
दिवाळीला एकाच ताग्यातून
आम्हा चौघांचे कपडे, एकाच फुलाफुलांचे,
गल्लीत उभे राहिलो की पडदा लावल्यासारखं दिसायचं.
त्याचा सदरा मागच्याच्या मागचा.
म्हणजे बोक्यानं पहिला त्यालाच खाल्ला असता.
खाल्लाच म्हणा.
फुप्फुसापासून सुरुवात केली.

"माझं काही नाही," स्टेइनुन म्हणाली,
"लेकीनं कार्डिगन पाठवलंय. पण बाराचं काय?"

बारा म्हणजे मिस्टर टास्कर.
गोदीवर बोटी रिकाम्या करायचा, मासळीचे क्रेट.
भेटायला कुणी नाही.
त्याचा खण मला पाठ आहे:
चार बनियन, त्यातले दोन
सहाच्या आणि सतराच्या माणसांचे.
ते गेल्यावर त्यांची नावं
मीच नखानं खरवडून काढली होती.
डिंकाचा चौकोन अजून दिसतो.

चोवीसला पाळीवर येताना
फ्रीमन स्ट्रीटच्या बाजारात उतरले.
मोजे, लोकरीचे, दोन जोड्यांचं पाकीट.
बाई म्हणाली, आमच्याकडं परत घेत नाही.
म्हटलं, नकोच घेऊ.

तळघरात इस्त्री तापवली. एका जोडीवर
सी. टास्कर, खोली बारा.
हळदकुंकू कुठलं असायला.
लाल मार्करनं आतल्या बाजूला
टाचेजवळ एक ठिपका दिला, आई द्यायची तसा,
कोरं कापड अंगाला लागण्याआधी.

पहाटे त्याच्या पायात चढवले.
त्यानं वाकून पट्टी वाचली, सावकाश,
दुसऱ्या कुणाचं नाव वाचावं तसं.
मग म्हणाला, "हा तर मी."
आणि चहा मागितला.

दुसरी जोडी मी घातली.
त्यावर नाव नाही. अजून माझं मला आठवतं.

पाळी सुटली. गाड्यांपाशी दहिवर पडलं होतं,
त्यावर पावलांचे ठसे,
परातीएवढे वगैरे नाही,
साध्या मांजराचे, डब्यांकडून कुंपणाकडे गेलेले.
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी एक बूट काढला
आणि पाय वर करून दाखवला.